सेशन घेणाऱ्याच्या मागे कोण उभे आहे?

मुलुंड पश्चिमेला स्टेशनाबाहेर पडून पाच रस्त्याच्या दिशेने चालू लागले की दंतवैद्य, पॅथॉलॉजी लॅब आणि क्लासेस यांच्या पाट्यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत आणखी एका प्रकारच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. 'चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर' असे मोठ्या अक्षरांत नाव आणि त्याखाली ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच, एबीए (वर्तनोपचार), स्पेशल एज्युकेशन, शॅडो टीचर (शाळेत मुलासोबत बसणारा मदतनीस) अशी यादी. ठाण्याला, बोरिवलीला, डोंबिवलीलाही हेच चित्र आहे. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले, तेव्हा वर्तनोपचारासाठी, म्हणजे वर्तनामागचे कारण शोधून मुलाला नवी कौशल्ये शिकवण्याच्या उपचारासाठी, आम्ही त्याला लोकलने परळला नेत असू. मुंबईत तेव्हाही जुन्या, नावाजलेल्या संस्था होत्या. शिवडीची जय वकील शाळा तर १९४४ पासूनची आणि डॉ. विभा कृष्णमूर्ती यांचे 'उम्मीद' २००१ पासूनचे. पण उपनगरात राहणाऱ्या कुटुंबाला नोकरी सांभाळून, आठवड्यातून अनेकदा, शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचणे हीच मोठी अडचण असे. आज घरापासून रिक्षाने जाता येईल अशी तीन केंद्रे आमच्या भागात आहेत.

ही वाढ मला खुपते असे कोणी समजू नये. आवाजाने कान झाकून घेणाऱ्या मुलाला संध्याकाळच्या गर्दीत परळहून मुलुंडला आणणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे तो घराजवळच्या केंद्राला उगाच नावे ठेवणार नाही. माझे म्हणणे निराळे आहे. केंद्रे वाढली, सेशन घेणारी तरुण मंडळी वाढली, पण त्यांच्या कामावर नजर ठेवणारी, योजना आखणारी आणि ती चुकत असेल तर बदलणारी अनुभवी माणसे त्या प्रमाणात वाढलेली नाहीत. आणि वर्तनोपचारात ही देखरेख हाच उपचाराचा गाभा असतो.

वाढ झाली कशी, ते आधी पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात ज्या सात प्रकारांची नोंद होती, त्यांत स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला पहिल्यांदा स्पष्ट स्थान दिले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत ती आली. आयएसएए या ४० मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीवर मूल्यमापन करून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देण्याची रीतही रुळली. दरम्यान २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्या पालघरमध्येच झाली, त्यात जन्मजात दोष आणि कमतरता यांच्या बरोबरीने विकासातील विलंब शोधण्याचे कामही आले. बालरोगतज्ज्ञ पूर्वी 'मुलगे उशिराच बोलतात, थांबा जरा' म्हणून घरी पाठवत. आता त्यांतले बरेच जण दीड-दोन वर्षांच्या मुलाला विकासतज्ज्ञांकडे पाठवतात. पूर्वप्राथमिक शाळांतल्या शिक्षिकाही लवकर सांगतात, कधी कधी जरा जास्तच लवकर.

अमेरिकेत हीच वाढ विम्याच्या जोरावर झाली. विमा कंपन्यांवर स्वमग्नतेवरच्या उपचाराचा खर्च उचलण्याची सक्ती करणाऱ्या पहिल्या राज्यांत इंडियाना होते, साल २००१. २०१९ पर्यंत पन्नासही राज्ये त्या वाटेने गेली आणि केंद्रांच्या मोठमोठ्या साखळ्या उभ्या राहिल्या. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या पाहणीनुसार आठ वर्षांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण २००० साली १५० मध्ये एक होते, ते २०२२ च्या पाहणीत ३१ मध्ये एक झाले. निदानाच्या व्याख्या रुंदावल्या, पूर्वी नजरेतून सुटणारी मुले आता नोंदली जातात, हा त्यातला फार मोठा भाग आहे. 'साथ आली' असे त्याचे जे वर्णन व्हॉट्सॲपवर फिरते त्यात फारसे तथ्य नाही. आपल्याकडे मात्र वाढीचा भार विम्यावर नाही, तो जवळजवळ सगळा पालकांच्या खिशावर आहे. आणि पैसा थेट पालकाकडून येत असल्यामुळे दर्जाची चौकशी करणारा तिसरा कोणी या व्यवहारात उरतच नाही.

देखरेख म्हणजे नेमके काय, हे आमच्या इमारतीच्या लिफ्टमुळे मला कळले.

मुलगा पाच वर्षांचा असताना लिफ्टचे बटण त्यालाच दाबायचे असे. दुसऱ्या कोणी दाबले की तो लिफ्टच्या दारातच आडवा होई आणि स्वतःच्या मनगटाचा चावा घेई, इतका की व्रण उठत. त्याचे सेशन घेणारी मुलगी नवी होती, मनापासून काम करणारी होती. तिने आम्हाला तीन रकान्यांचा तक्ता दिला: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय घडले. आम्ही तो भरू लागलो. तिची योजना अशी होती की या वर्तनाकडे पूर्ण दुर्लक्ष करायचे, म्हणजे ते हळूहळू विझेल. पुस्तकात ही पद्धत आहे. पण तिच्या वरिष्ठ पर्यवेक्षिकेने तक्ता वाचला आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. जवळजवळ प्रत्येक नोंदीत शेवट सारखाच होता: कोणीतरी काकू किंवा वॉचमन म्हणे, 'अहो, दाबू द्या ना त्याला,' लिफ्ट परत बोलावली जाई आणि बटण त्याला मिळे. म्हणजे चावा घेणे हे त्याच्या दृष्टीने चालणारे साधन होते. दुर्लक्ष सुरू केले तर आधी चावणे वाढेल, हे या शास्त्रातले जुने निरीक्षण आहे. आणि सार्वजनिक लिफ्टमध्ये, लोक ताटकळत उभे असताना, त्या वाढीपुढे टिकून राहणे आम्हाला जमणार नाही आणि शेजाऱ्यांना तर नाहीच, असे पर्यवेक्षिकेने स्पष्ट सांगितले.

त्यांनी योजना बदलली. घरात आधी पंख्याच्या बटणावर आणि दारावरच्या बेलवर सराव झाला: छातीवर हात ठेवून 'मी' म्हणायचे, म्हटले की लगेच बटण त्याचे. शब्द नीट उमटला नाही तरी हाताची खूण पुरेशी धरायची. मग तेच लिफ्टजवळ. शेजाऱ्यांना आम्ही आधी सांगून ठेवले होते. 'मी' पक्का झाल्यावर 'थांब' शिकवले, आधी दोन सेकंदांचा, मग थोडा अधिक, आणि शेवटी कधी कधी दुसऱ्याने बटण दाबणे. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली ही पद्धत आहे: त्रासदायक वर्तनातून मूल जे मिळवू पाहते, तेच मिळवण्याचा सोपा आणि लोकांना कळणारा मार्ग त्याला शिकवायचा. मनगटावरचे व्रण गेले. आज तो 'तुम्ही दाबा' असे पाहुण्यांना सांगतो, तेही हुकमी आवाजात.

नव्या मुलीचे काही चुकले होते असे मी म्हणणार नाही. तिला जे शिकवले गेले होते ते ती करत होती. फरक पडला तो तक्ता वाचणारे दुसरे डोळे असल्यामुळे. आणि असे डोळे किती केंद्रांत आहेत, हाच प्रश्न आहे.

वर्तनोपचार करणाऱ्यांना पात्रता देणाऱ्या अमेरिकेतील प्रमाणन मंडळाने सेशन घेणाऱ्या तंत्रज्ञांसाठी जी चौकट आखली तीत ४० तासांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष कौशल्याची तपासणी आणि परीक्षा होती. शिवाय दर महिन्याला जितके तास काम केले त्यांपैकी किमान ५ टक्के तास पर्यवेक्षणाखाली व्हावेत अशी अट होती. म्हणजे महिन्याला १०० तास सेशन घेणाऱ्याच्या कामावर निदान पाच तास कोणीतरी जाणत्याने लक्ष ठेवायचे. आपल्याकडे यातले ४० तास तेवढे उचलले गेले. चाळीस तासांचा ऑनलाइन कोर्स, त्याचे प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर, आणि पुढच्या सोमवारपासून मुले समोर. त्यात भर म्हणजे त्या मंडळाने २०२३ च्या सुरुवातीपासून भारतासह बहुतेक देशांतून नवे अर्ज घेणेच थांबवले. आधी पात्रता मिळवलेली माणसे आहेत, इतर काही आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रेही आहेत. पण पालकाला नावापुढच्या त्या अक्षरांच्या गर्दीतून काय उमजणार?

देशी चौकट अपुरी आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे स्पेशल एज्युकेटर, वाचा व श्रवणतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी होते. 'एबीए थेरपिस्ट' म्हणून तिथे वेगळी नोंद नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्याच्या यादीत वर्तनविश्लेषकाचा, म्हणजे वर्तनोपचाराची योजना आखणाऱ्याचा, उल्लेख आला आहे, त्यातून पुढे काही घडेल अशी आशा करायला जागा आहे. ऑक्युपेशनल थेरपीची गोष्ट पाहा: कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएममध्ये देशातले पहिले ओटी विद्यालय सुरू केले, आणि आज केईएम, सायन, नायर या तिन्ही महापालिका रुग्णालयांशी जोडलेली ओटीची विद्यालये आहेत. त्यामुळे मुंबईत ओटी म्हणवणाऱ्या माणसाने रुग्णालयात, वरिष्ठांच्या हाताखाली, वर्षानुवर्षे काम केलेले असते. वर्तनोपचाराला या शहरात असे माहेर मिळालेले नाही. तो थेट बाजारात आला.

बाजाराची भाषा तासांची असते. निदान झाल्यावर लगेच 'आठवड्याला किती तास घ्याल' हा प्रश्न येतो, आणि त्याच्या मागे एक जुना अभ्यास उभा असतो. कॅलिफोर्नियात इव्हार लोवास यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत आठवड्याला ४० तास उपचार मिळालेल्या १९ लहान मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण बुद्ध्यंकापर्यंत आणि नेहमीच्या वर्गापर्यंत पोहोचली, असे म्हटले होते. तो ४७ टक्क्यांचा आकडा आजही माहितीपत्रकांत डोकावतो. मुलांची दोन गटांत विभागणी चिठ्ठी टाकून झाली नव्हती, आणि त्या उपचारात मोठ्याने 'नाही' ओरडणे आणि मांडीवर चापट मारणे हेही होते, हे मात्र माहितीपत्रकात नसते. शिवाय हिशेब करून पाहावा. आमच्या भागात तासाला हजार रुपयांच्या आसपास फी आहे. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याला १,६०,००० रुपये होतात; मुलुंडमध्ये दोघे नोकरी करणाऱ्या कितीशा घरांत एवढा पगार येतो? तेव्हा इथे कोणी ४० तास घेत नाही. पाच-सहा तास घेतले जातात, आणि 'तास कमी पडतात' ही खंत तेवढी पालकांच्या मनात कायमची राहते. ती खंत निर्माण करणे मला अप्रामाणिक वाटते.

त्या तासांत काय शिकवले जाते, याकडे तासांच्या संख्येपेक्षा अधिक लक्ष द्यायला हवे. एका केंद्राच्या सहामाही अहवालात आमच्या मुलाचे पहिले उद्दिष्ट 'दहापैकी आठ वेळा नजरेला नजर देणे' असे होते. त्याच्या समोर बिस्किटाचा तुकडा डोळ्यांच्या रेषेत धरून हे साधले जाई, आणि साधलेही गेले. त्याचा उपयोग काय झाला, तर तो बिस्किटाकडे बघायला शिकला. लहानपणी असे उपचार घेतलेली अनेक स्वमग्न माणसे आज मोठी झाली आहेत आणि लिहिती-बोलती आहेत. डोळ्यांत बघण्याची सक्ती, हात फडफडवण्याला मनाई, शांत बसल्याबद्दल बक्षीस, या सगळ्यातून आपण 'नॉर्मल' दिसायला शिकलो आणि आतून थकत गेलो, असे त्यांचे म्हणणे आहे. ते म्हणणे मला पटते. त्यावरून सगळा वर्तनोपचार टाकून द्यावा, असे मात्र मला पटत नाही; लिफ्टच्या दारातले ते महिने मी विसरलेलो नाही. खेळता खेळता, मुलाच्या आवडीच्या मागे जात शिकवण्याच्या पद्धती गेल्या दोन-तीन दशकांत याच शास्त्रातून पुढे आल्या आहेत, आणि लहान मुलांच्या बाबतीत सॅली रॉजर्स व जेराल्डिन डॉसन यांनी विकसित केलेली डेन्व्हर पद्धत त्यांतली एक महत्त्वाची. उद्दिष्ट मुलाच्या रोजच्या जगण्यातले आहे का, एवढे विचारले तरी निम्मा निवाडा होतो. भूक लागल्याचे सांगता येणे, नको असेल तर नको म्हणता येणे, शाळेच्या स्वच्छतागृहात एकट्याने जाता येणे, ही उद्दिष्टे. नजर त्यांच्या मागोमाग आली तर येईल.

मुंबईत आणखी एक गोष्ट घडते, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. सेशन बहुधा इंग्रजीत चालते. साहित्य इंग्रजीत, चित्रांची कार्डे इंग्रजीत, थेरपिस्टची मातृभाषा गुजराती किंवा तमिळ. हे समजण्यासारखे आहे. पण त्यापुढे जाऊन 'घरातही एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला, नाहीतर मूल गोंधळेल' असा सल्ला दिला जातो, आणि तो आम्हालाही मिळाला होता. द्विभाषिक घरांतील स्वमग्न मुलांच्या अभ्यासांत दोन भाषा कानावर पडल्याने त्यांच्या भाषेचे नुकसान झाल्याचे आढळलेले नाही. आमच्या घरी माझी आई दिवसभर मुलाजवळ असते आणि ती मराठीतच बोलते. तिने काय करायचे, गप्प बसायचे? ती त्याला भाकरी थापताना पीठ मळायला बसवते, 'पाणी घाल, अजून थोडं, बास' असे सांगत राहते, आणि 'बास' हा शब्द तो आधी तिच्याकडून शिकला, केंद्रात नव्हे. केंद्राच्या वहीत त्याची नोंद झाली नाही, कारण वहीत मराठीला रकाना नव्हता.

यावरूनच पालकांच्या सहभागाचा मुद्दा येतो. अनेक केंद्रांत सेशनच्या वेळी दार बंद असते. पालक असले की मुलाचे लक्ष लागत नाही, हे कारण दिले जाते आणि काही मुलांबाबत ते खरेही असेल. शेवटची पाच मिनिटे दारात उभे राहून 'आज छान बसला' एवढे ऐकायचे आणि निघायचे. याच्या अगदी उलट प्रयोग आपल्या शेजारी गोव्यात झाला. 'संगथ' ही तिथली संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील गट यांनी मिळून दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिथे तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि नियमित पर्यवेक्षण मिळालेल्या आरोग्य कार्यकर्त्या घरी जात, आई-वडील मुलाशी खेळत असल्याचे चित्रीकरण करत आणि ते त्यांच्याबरोबरच पाहून, कुठे थांबायला हवे, कुठे मुलाने सुरुवात केली होती हे दाखवत. पालकांचे प्रतिसाद सुधारले आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली. वर्तनोपचाराची ही काटेकोर आवृत्ती नव्हे, पण कमी शिकलेल्या माणसाकडून चांगले काम होऊ शकते आणि त्यासाठी पाठीशी कोणीतरी लागते, हे त्यातून दिसते. सेशन घेणाऱ्या मुलीकडे मोठी पदवी नाही याची मला भीती वाटत नाही. तिचे काम कोणी पाहत नाही, याची वाटते.

खर्चाबाबत थोडक्यात. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि तीत थेरपीचाही समावेश आहे, मात्र त्यासाठी वेगळी, बरीच कमी मर्यादा आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही, हे फॉर्म भरण्याआधी पाहून घ्यावे. प्रमाणपत्र काढायला रुग्णालयात खेटे घालावे लागतात म्हणून अनेक जण ते टाळतात. टाळू नये.

आता माझ्यापुढचा प्रश्न निराळाच आहे. बहुतेक पाट्यांवर 'अर्ली इंटरव्हेन्शन' लिहिलेले असते आणि सगळी वाढ त्या लहान वयाभोवती गोळा झालेली आहे. अकराव्या वर्षी माझ्या मुलाला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: आंघोळीचे दार लावून घेणे, कोणी कुठे हात लावू नये आणि आपण कोणाला लावू नये हे कळणे, सुटे पैसे मोजून वडापाव घेणे, रांगेत पुढच्या माणसापासून अंतर ठेवणे, आवाज फुटू लागल्यावर जे बदल होतील त्यांची तयारी. आमच्या भागातल्या तीन केंद्रांत मी विचारून आलो. एका ठिकाणी दहा वर्षांच्या पुढची मुले घेतच नाहीत. दुसऱ्या ठिकाणी घेतात, पण दाखवलेल्या नमुना योजनेत रंग जुळवणे आणि आकार ओळखणे होते. तिसऱ्या ठिकाणच्या पर्यवेक्षिका म्हणाल्या की मोठ्या मुलांसाठी शनिवारी सकाळचा गट सुरू करता येईल, त्यातले अर्धे काम केंद्राबाहेर, बाजारात आणि बसस्टॉपवर होईल आणि त्या स्वतः दर आठवड्याला हजर राहतील. मात्र किमान पाच मुले हवीत. सध्या आम्ही दोन कुटुंबे तयार आहोत. मुलुंड, भांडुप, नाहूर किंवा ठाण्याच्या बाजूला दहा ते पंधरा वर्षांचे मूल असलेल्या पालकांना यात रस असेल तर त्यांनी मला जरूर कळवावे.